मूत्रपिंडाची धमनी सत्तर टक्के अरुंद आहे. स्टेंट टाकायचाच का?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने आपल्या वडिलांविषयी पत्र लिहिले आहे. वडील, म्हणजे घरातले आबा, ६६ वर्षांचे असून एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले आहेत. आठ वर्षांपासून त्यांना रक्तदाब आहे, मधुमेह नाही. तंबाखू चाळीस वर्षांची, सकाळी मिश्रीही असते. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते म्हणून ते युरोलॉजिस्टकडे गेले. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडे वाढलेले दिसले. शिवाय उजवे मूत्रपिंड १०.५ सेंटिमीटर आणि डावे ८.८ सेंटिमीटर असल्याचे आढळले. पुढे डॉपलर तपासणी झाली आणि 'डाव्या मूत्रपिंडाची धमनी सुमारे ७० टक्के अरुंद' असा अहवाल आला. टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि लघवी वाढवणारे क्लोरथॅलिडोन १२.५ अशा तीन गोळ्या चालू असताना दवाखान्यात रक्तदाब १७०/९५ भरला. टेल्मिसार्टन सुरू होण्यापूर्वी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे द्रव्य) १.२ होते, ते तीन आठवड्यांनी १.४ झाले. त्यामुळे 'या गोळीने किडनी खराब होते' असे एका नातेवाइकाने सांगितले आणि ती गोळी दहा दिवसांपूर्वी घरीच बंद करण्यात आली. एका डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून त्याच वेळी स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, टाकण्याचा सल्ला दिला आहे, तर दुसऱ्या डॉक्टरांच्या मते औषधे पुरेशी आहेत. पुण्यातले मोठे बंधू स्टेंटच्या बाजूने आहेत, कारण काकांचा जीव हृदयातल्या स्टेंटने वाचला होता. आबा म्हणतात, मला काही होत नाही. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात: "कोणाचे ऐकू? उशीर झाला आणि किडनी गेली तर दोष माझ्यावर येईल."

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझेही लक्ष त्या ७० टक्क्यांकडेच गेले. दुसऱ्या वाचनात मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांपाशी मी थांबले. एकात तुम्ही म्हणता की आबा लघवीची गोळी रात्री जेवणानंतर घेतात आणि झोपमोड होते म्हणून 'पुष्कळदा ती तशीच राहते'. दुसऱ्यात म्हणता की गुडघे दुखले की ते मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घेतात, 'आठवड्यातून चार दिवस तरी'. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर धमनीच्या अहवालापेक्षा या दोन वाक्यांच्या अधिक जवळ आहे. मी आबांना तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सगळे त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे एवढ्याच हेतूने लिहीत आहे.

सर्वांत आधी त्या बंद केलेल्या गोळीविषयी, कारण त्यात दिवस घालवून चालणार नाही. आबांचा रक्तदाब आधीच चढा असताना त्यातले एक मुख्य औषध काढून घेतले गेले आहे. मात्र जशी ती आपल्या मनाने बंद केली, तशी आपल्या मनाने सुरूही करू नका. याच आठवड्यात ज्यांनी ती लिहून दिली त्यांना गाठा. क्रिएटिनिन १.२ वरून १.४ होणे म्हणजे साधारण १७ टक्क्यांची वाढ. टेल्मिसार्टन आणि त्याच्या जातीची औषधे मूत्रपिंडाच्या गाळण्यांमधला वाढलेला दाब उतरवतात. दाब उतरला की गाळण्याचे काम थोडे मंदावते आणि क्रिएटिनिन जरासे चढते. ते औषध काम करत असल्याचे लक्षण असते, मूत्रपिंड बिघडल्याचे नव्हे. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत राहून तेथेच स्थिरावत असेल आणि पोटॅशियम ठीक असेल, तर सहसा औषध बंद केले जात नाही. आबांच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १.५५ येते. तिच्या पलीकडे आकडा झपाट्याने गेला असता, तर दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद आहेत की काय, अशी शंका डॉक्टरांनी घेतली असती. म्हणूनच ही गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही तपासायचे असतात. तुमच्या पत्रात पोटॅशियमचा आकडाच नाही. तो जरूर मागा.

आता धमनीकडे येऊ. मूत्रपिंडाच्या धमनीचा आणि रक्तदाबाचा संबंध अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये दाखवला. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर छोटा चिमटा बसवून त्यांनी ती अरुंद केली आणि सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढला. आबांना हे त्यांच्या भाषेत सांगता येईल. घाटात रस्ता अरुंद झाला आणि पलीकडच्या शेवटच्या थांब्यावर गाड्या कमी पोहोचू लागल्या, तर त्या थांब्यावरचा माणूस आगाराला कळवणार की गाड्याच कमी आहेत. आगाराने त्यावर विश्वास ठेवून सगळ्याच मार्गांवर जादा गाड्या सोडल्या, तर जिथे गरज नव्हती तिथेही गर्दी होणार. अरुंद धमनीपलीकडच्या मूत्रपिंडाला रक्त कमी दाबाने मिळते. शरीराचाच दाब घसरला आहे असे समजून ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते आणि त्यातून सुरू होणारी साखळी रक्तवाहिन्या आवळते, मीठ-पाणी धरून ठेवते. टेल्मिसार्टन नेमकी हीच साखळी तोडते. म्हणजे तुम्ही जी गोळी धोकादायक समजून बाजूला ठेवली, तीच या आजारावरचे सर्वांत नेमके औषध आहे.

मग घाटातला रस्ताच रुंद का करू नये? दादांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि अनेक वर्षे डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. १९७८ मध्ये झुरिकच्या आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने मूत्रपिंडाची धमनी रुंदावून दाखवली, पुढे स्टेंट आले, आणि अरुंद धमनी दिसली की उघडायची अशी रीतच पडली. ही रीत प्रत्यक्ष तपासून पाहिली तेव्हा चित्र वेगळे निघाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅस्ट्रल' या मुख्यतः ब्रिटनमधील अभ्यासात ८०६ रुग्ण होते. निम्म्यांना औषधांच्या जोडीने धमनी उघडण्याचा उपचार सुचवला गेला, निम्म्यांना केवळ औषधे. मूत्रपिंडाचे काम, रक्तदाब, हृदयविकार, मृत्यू यांपैकी कशातही ठळक फायदा दिसला नाही. उलट उपचारामुळे २३ रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली, त्यात दोन मृत्यू होते आणि तिघांची पायाची बोटे किंवा अवयव कापावे लागले. २०१४ मध्ये 'कोरल' हा ९४७ रुग्णांचा अभ्यास आला. साडेतीन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर प्रसंग स्टेंटच्या गटात ३५.१ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ३५.८ टक्के रुग्णांना आला. वरच्या रक्तदाबातला फरक २ मिलिमीटरच्या आसपास होता.

असे का व्हावे? साठीनंतर ही धमनी अरुंद होते ती बहुतेक वेळा चरबीचे थर साचून, आणि ते थर एकाच जागी साचत नाहीत. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि तंबाखूने मूत्रपिंडातल्या केसासारख्या बारीक वाहिन्याही कडक झालेल्या असतात. घाट रुंद केला तरी पलीकडचे गावातले रस्ते तसेच खराब राहतात. शिवाय पुष्कळदा रक्तदाब आधी आलेला असतो आणि धमनी नंतर अरुंद झालेली असते. आबांना अठ्ठावन्नाव्या वर्षी रक्तदाब निघाला, तेव्हा धमनी कशी होती हे कोणी पाहिलेले नाही. आज दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

काकांच्या उदाहरणाबद्दल दादांना एवढेच सांगा की हृदयविकाराच्या झटक्यात धमनी गुठळीने अचानक बंद होते आणि स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. तेथे ती उघडणे हा जीव वाचवण्याचा प्रश्न असतो. आबांची धमनी वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद झाली आहे. दोन्ही ठिकाणी वस्तू एकच असली तरी प्रसंग एक नाही.

'दोन डॉक्टरांची मते जुळत नाहीत, म्हणजे त्यांतले एक चूक' हेही तुम्ही गृहीत धरले आहे. तसे असेलच असे नाही. वर सांगितलेल्या अभ्यासांत सर्वांत अवघड रुग्ण थोडेच होते. ज्यांना स्टेंटचा फायदा होणारच असे डॉक्टरांना वाटत होते, त्यांना 'अ‍ॅस्ट्रल'मध्ये घेतलेच नव्हते. त्यामुळे काही रुग्णांसाठी स्टेंटचा विचार आजही गांभीर्याने केला जातो. हृदयाचे पंपिंग बरे असूनही छातीत अचानक पाणी भरून वारंवार दम लागणे, दोन्ही धमन्या किंवा एकुलत्या एका मूत्रपिंडाची धमनी अरुंद असून काही महिन्यांत क्रिएटिनिन चढत जाणे, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे पूर्ण मात्रेत आणि खरोखर पोटात जात असूनही रक्तदाब न उतरणे, हे ते प्रसंग आहेत. स्टेंट सुचवणाऱ्या डॉक्टरांनी आबांना बहुधा या तिसऱ्या गटात धरले आहे. 'तीन गोळ्या चालू आहेत' असे तुम्ही त्यांना सांगितले असणार आणि त्यांनी ते खरे मानले. त्यांच्याकडे दुसरा काही मार्गही नव्हता.

पण आबांच्या तीन गोळ्या खरेच तीन आहेत का? टेल्मिसार्टनची मात्रा ४० आहे, ती ८० पर्यंत नेता येते; अ‍ॅम्लोडिपिन ५ आहे, ते १० पर्यंत जाते. क्लोरथॅलिडोन कागदावर आहे, पोटात नाही. वर डायक्लोफिनॅक. हे वेदनाशामक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तदाबाच्या औषधांचा प्रभाव कमी करते, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीला आले की मूत्रपिंडावर तिहेरी भार टाकते. क्रिएटिनिनच्या त्या १.४ मध्ये या गोळीचा वाटा किती, हे ती बंद करून पुन्हा तपासल्याशिवाय कळणार नाही. दोष द्यायचाच तर नातेवाइकाने चुकीच्या गोळीला दिला असे मला वाटते. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांविषयी डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखी खरी आहे, ती दुर्लक्षून 'गोळी घेऊ नका' एवढेच सांगितले तर आबा ती गुपचूप घेतील.

क्लोरथॅलिडोनची वेळ बदलणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपचार आहे. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर माणूस रात्री उठणारच. ती सकाळी न्याहारीनंतर घ्यायची असते. आबा ज्या तक्रारीसाठी युरोलॉजिस्टकडे गेले, तिचा काही भाग या एका बदलाने कमी होण्याची शक्यता आहे, आणि झोपमोड थांबली की गोळी टाळण्याचे कारणही उरत नाही. उरलेल्या भागासाठी लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते ते सोनोग्राफीच्या अहवालात पाहा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी दिली गेली असेल, तर तिने उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते. रात्री अंथरुणातून उठताना त्यांनी आधी मिनिटभर कडेवर बसावे. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येत असेल तर दिवसा पायात साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि त्यानेही रात्री लघवी वाढते. आणखी एक प्रश्न आईंना विचारा: आबा जोरात घोरतात का, घोरता घोरता श्वास थांबल्यासारखे होते का? झोपेतल्या श्वासरोधाने औषधांना दाद न देणारा रक्तदाबही होतो आणि रात्रीची लघवीही वाढते.

१७०/९५ हा आकडा दवाखान्यातला आहे, दीड तास प्रवास करून, रांगेत थांबून आणि बहुधा तोंडात तंबाखू असताना भरलेला. दंडावर बांधायचे यंत्र घ्या, मनगटाचे नको. पाठीला आधार, पाय जमिनीवर, पाच मिनिटे शांत बसणे, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, अशा रीतीने सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दर वेळी दोन-दोन मोजण्या करून वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा; घरी ती १३५/८५ च्या वर असेल तर रक्तदाब चढा समजतात. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा आणि पुढे जो हात जास्त दाखवतो तोच वापरा. याच आठवड्यात आकडा १८०/११० च्या वर वारंवार जात असेल, किंवा त्याबरोबर दम, छातीत दुखणे, अंधुक दिसणे, बोलण्यात अडखळणे यांपैकी काही असेल, तर वही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.

तपासण्यांविषयी थोडे. डॉपलरमध्ये धमनी किती अरुंद आहे हे थेट दिसत नाही. रक्ताचा वेग मोजून त्यावरून अंदाज बांधतात. पोटात वायू असेल, माणूस स्थूल असेल किंवा तपासणाऱ्याचा हात तेवढा सरावलेला नसेल, तर अंदाज चुकतो. मात्र मूत्रपिंडांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून अधिक फरक असणे ही गोष्ट दुर्लक्षण्यासारखी नाही. आबांमध्ये तो १.७ आहे, म्हणून डाव्या बाजूला रक्तपुरवठा कमी असावा ही शंका रास्तच आहे. खात्रीसाठी सीटी अँजिओग्राफी करता येते. तिच्यात रंगद्रव्य शिरेतून देतात. आबांचे वय आणि १.४ क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ५५ मिलिलिटरच्या आसपास येते, म्हणजे ही तपासणी टाळावी अशी स्थिती नाही, पण डायक्लोफिनॅक मात्र त्याआधी थांबलेले हवे. डीटीपीए स्कॅनने दोन मूत्रपिंडांत कामाची वाटणी कशी आहे ते कळते. डावे फारच थोडे काम करत असेल तर त्याची धमनी उघडून हाती काही लागण्याची आशाही तेवढीच थोडी असते.

'अँजिओग्राफी करून त्याच वेळी स्टेंट' या प्रस्तावाला मी एक अट जोडेन. टेबलावर झोपल्यावर धमनी अरुंद दिसली म्हणून स्टेंट टाकू नये. अडथळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे रक्तदाब मोजून फरक खरोखर आहे की नाही ते पाहावे, हे आधीच बोलून ठेवा. खर्चाचे अंदाजपत्रक बाबवार लेखी घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय असेल तर तेथील आरोग्यमित्राला भेटून हा उपचार बसतो का ते विचारा. दादा पैसे द्यायला तयार आहेत हे चांगलेच आहे, पण पैसे आहेत म्हणून करायचा असा हा उपचार नव्हे.

आबांसारखा अहवाल हाती असलेल्या तरुण वाचकांसाठी येथे थांबून सांगायला हवे की वरचे सगळे त्यांना लागू नाही. पंचविशी-तिशीतल्या स्त्रीला अचानक रक्तदाब निघाला आणि धमनी अरुंद सापडली, तर कारण बहुधा वेगळे असते. एक आजार धमनीच्या भिंतीतल्या तंतूंच्या वाढीचा असतो. त्यात धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि बहुधा नुसत्या फुग्याने रुंदावते, स्टेंट लागत नाही. दुसरा ताकायासूचा आजार, म्हणजे मोठ्या धमन्यांचा दाह. भारतातल्या तरुणांत धमनीमुळे होणाऱ्या रक्तदाबाचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. दोन हातांच्या नाडीत किंवा रक्तदाबात फरक, बारीक ताप, वजन घटणे, रक्ततपासणीत वाढलेला ईएसआर (दाह दाखवणारा आकडा) ही त्याची खूण. तेथे आधी दाह शमवावा लागतो आणि मग धमनीकडे वळायचे असते. अशा रुग्णांनी संधिवाततज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय स्टेंटला होकार देऊ नये.

औषधांच्या बाजूला असलेल्या पथ्याबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकीचे तुम्ही ऐकलेले असते. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका चहाच्या चमच्याएवढे, आणि त्यात लोणचे, पापड, ठेचा, सुकट सगळे धरायचे. सैंधव हे मीठच आहे. बाजारातले 'लो सोडियम' मीठ मात्र आबांना देऊ नका. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टनबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते. दुसरी गोष्ट मिश्रीची. 'मी बिडी कधी ओढली नाही' असे आबा म्हणत असतील, पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि हिरड्यांतून रक्तात जाणारे निकोटीन वाहिन्या आवळतेच. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. चरबीने अरुंद झालेली धमनी असताना ती गोळी नसेल, तर का नाही हे विचारलेच पाहिजे.

उशीर होईल ही तुमची भीती मी हलकी मानत नाही. पण गोळ्या खरोखर सुरू करून, मात्रा नीट बसवून सहा ते आठ आठवडे वाट पाहण्याने आबांचे दार बंद होत नाही. स्टेंटचा पर्याय तेव्हाही तसाच राहील, आणि तेव्हा घेतलेला निर्णय खऱ्या माहितीवर उभा असेल. या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन पाहिले, तर ते चढू लागल्याचे लवकर कळेल. उलट्या-जुलाब झाले तर मात्र टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन-तीन दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. दादांना हे सगळे फोनवर समजावत बसू नका, पुढच्या भेटीला त्यांनाच पुण्याहून यायला सांगा. आबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, डायक्लोफिनॅकच्या पट्टीसकट, एका पिशवीत घालून मूत्रपिंडविकारतज्ज्ञांसमोर ठेवा आणि आधी आबांना बोलू द्या. रात्री ते किती वेळा उठतात आणि कोणती गोळी उशाशीच राहते, हे त्यांच्याइतके तुम्हा भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नाही.